एक मात्रा कमी

दुपारी जेवायला बसण्याआधी मामा अर्धं लिंबू घ्यायचे आणि ते आधी स्वतःच्या तळहातावर पिळायचे. मग दोन्ही हात एकमेकांवर चोळायचे, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडांवरून, आणि डोळे मिटून थोडं थांबायचे. जिथे झोंबेल तिथे कापलेलं असायचं. "अंगठा," ते स्वतःशीच म्हणायचे. किंवा, "करंगळी. हिला काय गरज होती मध्ये तडमडायची?" नळाखाली हात धुऊन त्या जागी चिकटपट्टी लावायचे, आणि उरलेलं लिंबू जेवणावर पिळून निवांत जेवायला बसायचे.

मामांचं फ्रेमचं दुकान होतं. काचेने कापलेलं लगेच कळत नाही. सुरी लागली तर दुखतं, काच लागली तर नुसतं गार वाटतं, असं ते सांगायचे. रक्त वर यायच्या आधी लिंबाला कळतं. तसं लिंबू त्यांना मुळातच प्रिय होतं. सूप असो, उकडलेला बटाटा असो, त्यावर लिंबू हवंच. "तुझ्या मामांना लिंबू पिळून दिलं ना, तर दाराची फळीसुद्धा खातील," मामी म्हणायची.

दोन पायऱ्या चढून आत गेलं की अरुंद, लांबट दुकान. डाव्या भिंतीला लाकडी पट्ट्या उभ्या करून ठेवलेल्या, उजवीकडे फ्रेमच्या कोपऱ्यांचे नमुने खिळ्यांना अडकवलेले. मागे मोठं टेबल, त्यावर जुनी घोंगडी, घोंगडीवर काच. भुश्शाचा आणि सरसाचा वास. काच कापायच्या हिरकणीचा आवाज इतका बारीक की शेजारच्या चावीवाल्याचं मशीन बंद असेल तरच तो ऐकू यायचा. रेघ ओढून झाली की मामा खालून टकटक करायचे, काच टेबलाच्या कडेवर आणून हात किंचित खाली दाबायचे, आणि ती अगदी मनासारखी तुटायची. तुटणं एवढं शहाण्यासारखं होऊ शकतं, हे मी तिथे पाहिलं.

गिऱ्हाईक फोटो घेऊन आलं की मामा आधी माप घ्यायचे नाहीत. "कुठे लावणार?" असं विचारायचे. खिडकीसमोर म्हटलं तर मान हलवायचे. "तिथे लावलात तर दुपारभर आजोबांऐवजी स्वतःचंच तोंड बघत बसाल." कधी कोणी म्हणालं की काच नसली तरी चालेल, तर मात्र त्यांचा चेहरा पडायचा. "काच नसेल तर तो फोटो कसला? कागद आहे नुसता. काच लागली की माणूस घरात राहायला येतो."

लाकडात ठोकायच्या बारीक खिळ्यांना चुका म्हणतात. नव्या गिऱ्हाइकाला ते हमखास सांगायचे, "तुमच्या फ्रेमला आठ चुका लागतील हं." गिऱ्हाईक दचकलं की खूश. "चुका नसतील तर चार कोपरे एकत्र राहत नाहीत हो!" आणि मामीकडे तिरकं बघायचे. मामी दुपारी डबा घेऊन यायची आणि संध्याकाळपर्यंत थांबून फ्रेमच्या मागे कागद चिकटवायची. काचेच्या टेबलाकडे ती कधी फिरकत नसे. मान वर न करता म्हणायची, "चुका सगळ्या तुमच्या. कोपरे सांभाळते मी."

पन्नाशी उलटल्यावर मामांना धाप लागायला लागली. उंचावरची पट्टी काढताना ते स्टुलावरच बसून राहायचे. तपासण्या झाल्या, हृदयाची एक झडप निकामी निघाली, आणि मोठं ऑपरेशन होऊन तिच्या जागी धातूची झडप बसली. ती वाजायची. शांत खोलीत मामांच्या शेजारी बसलं तर शर्टाच्या आतून बारीक टिकटिक ऐकू यायची. चावीवाले भेटायला आले, कान देऊन ऐकत राहिले आणि म्हणाले, "चला, आता किल्ली द्यायला माझ्याकडेच यावं लागणार तुम्हाला."

धातूच्या झडपेवर रक्त गोठून बसायला बघतं, म्हणून रक्त पातळ ठेवायची एक गोळी रोज संध्याकाळी घ्यायची होती, जन्मभर. "आयुष्यभर रक्ताचं पाणी केलं," मामा म्हणाले, "आता तेच काम गोळीकडून." पण डॉक्टरबाईंना हसू आलं नाही. त्यांनी विचारलं, काम काय करता? काच कापतो म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"नीट ऐका. रक्त फार दाट झालं तर झडपेवर गुठळी बसेल. फार पातळ झालं तर साधं कापलेलंही थांबणार नाही. दोन्हीच्या मधे राहायचं."

"पाणसळीतल्या बुडबुड्यासारखं," मामा म्हणाले. भिंतीवर फ्रेम सरळ लागली की नाही हे ते पाणसळीतल्या त्या हिरव्या पाण्यातल्या बुडबुड्याकडे बघून ठरवायचे.

"तसंच. दर थोड्या दिवसांनी रक्त तपासू. बुडबुडा मधे राहिला तर काच कापा, जपून. मधे राहिला नाही, तर काच बंद."

घरी येताना वाटेत मामा एवढंच म्हणाले, "काच बंद म्हणजे दुकान बंद. सुतार मी कधी नव्हतोच."

आता सगळा भार पथ्यावर आला, आणि पथ्य मामीकडे. इस्पितळातून निघताना एका तरुण डॉक्टरने तिला घाईघाईत सांगितलं होतं, "के जीवनसत्त्वाचे पदार्थ जपून द्या हं काकू." तो पुढच्या खाटेकडे वळलासुद्धा. मामी शाळेत हुशार होती. जीवनसत्त्वांचा धडा तिला अजून तोंडपाठ होता: अ, ब, क, ड. त्यात 'के' असं काही नव्हतंच. आजकालची मुलं इंग्रजीत शिकतात, अक्षरं धड म्हणता येत नाहीत, असं मनाशी म्हणून तिने त्याची चूक दुरुस्त केली. के म्हणजे क. आणि क कशात असतं, हे तर तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. लिंबू, संत्रं, आवळा, पेरू, टोमॅटो.

त्या दिवसापासून घरातून आंबट हद्दपार झालं.

लिंबू गेलं म्हणून मामांचं जेवण बेचव होऊ नये, यासाठी तिने जिवाचं रान केलं. आणि ऑपरेशनमध्ये एवढं रक्त गेलेलं, ते भरून यायला हवं म्हणून पालेभाज्या सुरू केल्या. पालकाचं सूप, पालकाची भाजी, कोबी वाफवून, कोथिंबीर वाटून. मामांच्या डब्याचं झाकण उघडलं की आतून हिरवा उजेड पडायचा. मामा निमूटपणे खायचे. "लिंबावर पाणी सोडलं," ते चावीवाल्यांना म्हणाले. "साखर तेवढी कमी पडली, नाहीतर सरबत झालं असतं."

लिंबू गेलं तसं हात तपासायचं साधनही गेलं. मग ते काम मामीने घेतलं. दुकान बंद करताना ती दारात उभी राहून म्हणायची, "हात दाखवा." मामा शाळेतल्या मुलासारखे दोन्ही हात पुढे करायचे, आधी उपडे, मग उताणे. ती एकेक बोट उजेडाकडे वळवून बघायची. रस्त्यावरचे लोक बघायचे. मामा त्यांना सांगायचे, "भविष्य बघतेय. परदेशप्रवास आहे म्हणते."

पण बुडबुडा मधे येईना. प्रत्येक तपासणीत रक्त दाटच निघायचं. डॉक्टरबाई गोळी वाढवायच्या, पुढच्या वेळी पुन्हा दाट. पुन्हा वाढवायच्या. त्या विचारायच्या, "पथ्य पाळता ना?" मामी छाती पुढे काढून म्हणायची, "काटेकोर." मग बाई मामांकडे रोखून बघायच्या, "गोळी चुकवत तर नाही?" मामा दुखावून म्हणायचे, "बाई, मी पंचेचाळीस अंशाचा काप केसाएवढा चुकवत नाही."

एकदा मामीला मामांच्या दुकानातल्या एप्रनच्या खिशात लिंबाची बी सापडली.

एकच बी. पण त्यावरून घरात जे झालं ते मी माझ्या कानांनी ऐकलं, कारण मी तेव्हा तिथेच चहा पीत होते.

"हे काय आहे?"

"बी आहे."

"कसली?"

"आता झाडाचीच असणार."

"मी इथे पालक निवडून निवडून बोटं हिरवी करून घेते, आणि तुम्ही कोपऱ्यावर जाऊन सोडा-लिंबू पिता? जिवापेक्षा लिंबू मोठं झालं?"

मामा मान खाली घालून बसले. एकदाच प्यायलो, म्हणाले. फार उकडत होतं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळेच होतंय का गं हे सगळं?" त्या आवाजाने मामीचा राग विरघळला. ती त्यांच्या शेजारी बसली. खोलीत नुसती टिकटिक. पुढच्या तपासणीत रक्त पुन्हा दाट निघालं तर बाई काच बंद करायला सांगणार, हे दोघांनाही माहीत होतं. त्या दिवसापासून मामांनी लिंबाच्या गाडीकडे बघणंही सोडलं. रस्ता बदलून जायचे.

तपासणीच्या दिवशी मीही सोबत गेले. रक्त दाटच होतं. डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "आता मला वाटतं आपण काचेचं काम थांबवूया," त्या म्हणाल्या.

मामा खिडकीकडे बघत राहिले. मामीला मात्र ते सहन झालं नाही. "असं कसं बाई? एक लिंबू सोडलं तर यांनी तोंडाला आंबट लावलेलं नाही. संत्रं नाही, पेरू नाही, टोमॅटोसुद्धा नाही. क जीवनसत्त्वाचा कणभर पदार्थ घरात येऊ देत नाही मी. सकाळ-संध्याकाळ नुसता पालक आणि कोबी खातात बिचारे!"

डॉक्टरबाईंनी चष्मा पुन्हा लावला.

"कुठलं जीवनसत्त्व म्हणालात?"

"क."

"आणि पालक?"

"दोन्ही वेळा. भरपूर."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "काकू, क नाही हो. के. इंग्रजीतलं ते के. ते वेगळंच जीवनसत्त्व आहे. लिंबाचा यात काही संबंध नाही. के असतं पालेभाज्यांत. पालक, कोबी, कोथिंबीर... तुम्ही सांगितलं ते सगळं."

मामीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मामांनी खिडकीवरची नजर काढली आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"म्हणजे लिंबू चालतं?"

"पोत्याने चालतं."

मग बाईंनी समजावून सांगितलं. रक्त गोठायला जी द्रव्यं लागतात, ती यकृतात तयार होतात, पण के नसेल तर ती अर्धवटच राहतात. कामाला येत नाहीत. के हा काही वाईट माणूस नाही. तो नसता तर ढोपर खरचटलं तरी रक्त थांबलं नसतं. हाडांनाही तो लागतो. मामांची गोळी करते एवढंच, की के ला पूर्ण जोराने काम करू देत नाही. "म्हणजे ही रस्सीखेच आहे," त्या म्हणाल्या. "एकीकडे गोळी, एकीकडे के. मी इकडून जोर वाढवत होते आणि काकू तिकडून."

"मी आपली ताकद येईल म्हणून..." मामी पुटपुटली.

"आणि मी औषधाची मात्रा वाढवत बसले," डॉक्टरबाई म्हणाल्या, "चुकली होती ती अक्षराची. पथ्य म्हणजे काय करता, हे मीही कधी विचारलं नाही."

मामांनी विचारलं, के हे नाव तरी कुणी ठेवलं? बाई म्हणाल्या, ज्यांना ते सापडलं त्यांच्याकडे रक्त गोठण्याला जो शब्द होता, त्याचं ते पहिलं अक्षर. मामांनी विचार केला. "मग आपल्याकडे 'ग' म्हणायला हवं होतं. गोठण्यातला ग. एवढा घोळ झाला नसता."

डॉक्टरबाई पहिल्यांदा हसल्या. पण निघताना त्यांनी बजावलं, "ऐका, आता भाजी एकदम बंद करायची नाही. गोळी तिच्या मानाने चढवत नेली आहे. रोज थोडी खा, पण रोज तेवढीच. कमी नको, जास्त नको. पुढच्या वेळेपर्यंत असंच चालू द्या, तोवर काच बंदच, तिचं मग बघू."

हे मी ऐकलं, मामीने ऐकलं. मामा तेव्हा दाराबाहेर पोचले होते. रस्त्यापलीकडे लिंबाची गाडी उभी होती.

त्या दिवशी दुपारी मामांनी कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा तळहातावर लिंबू पिळलं आणि जोरात ओरडले. तीन ठिकाणी झोंबलं. आनंदाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, की झोंबून आलं, कोण जाणे.

मामीने बाईंचं म्हणणं त्यांना सांगितलं होतं. दोनदा सांगितलं. त्यांनी "हो, हो" केलं. डब्यात ती रोज एक वाटी पालक, मोजूनमापून तेवढाच, द्यायची. मामा तो घेऊन शेजारी चावीवाल्यांकडे जेवायला बसायचे, आणि डबा रोज रिकामा परत यायचा. दारात "हात दाखवा" चालू होतं, आणि वाटत होतं की सगळं मार्गी लागलं.

पण इतके महिने गुरासारखा चरलो, आता पुरे, असं मामांनी मनाशी ठरवलं होतं. वाटी चावीवाल्यांच्या डब्यात रिकामी होत होती. चावीवाल्यांना पालक आवडायचा, आणि मित्राचं गुपित सांभाळणं त्यांना कुलूप सांभाळण्यासारखंच वाटायचं. त्यातून मामांना वाटे की आपण चांगलंच करतोय. भाजीनेच घोळ झाला ना, मग भाजी नाही म्हणजे घोळ नाही.

रस्सीखेचीत एका बाजूने दोर सोडला की दुसरी बाजू पाठीवर पडते. गोळी तेवढीच होती, जड. समोर ओढणारं कुणी उरलं नव्हतं.

बाईंनी परवानगी दिली नव्हती, तरी एका शाळेच्या मोठ्या फोटोचं काम आलं आणि मामांना राहवलं नाही. काच घोंगडीवरून किंचित सरकली. त्यांनी ती पडू नये म्हणून तळहात खाली घातला. चावीवाल्यांचं मशीन बंद होतं, त्यामुळे त्यांना एक छोटासा आवाज ऐकू आला, आणि मग मामांचं शांतपणे म्हणणं, "अहो, जरा येता का? हे थांबत नाहीये."

अंगठ्याच्या खालच्या मांसल भागात जखम होती. एरवी टाके पडले असते आणि काम झालं असतं. पण चावीवाल्यांच्या रुमालातून, मग मामांच्या एप्रनमधून, मग गाडीच्या सीटवर रक्त झिरपत राहिलं. मामी घरून धावत इस्पितळात पोचली तेव्हा मामा पांढरे पडले होते, आणि चावीवाले भिंतीला टेकून रडकुंडीला आले होते. "वहिनी, पालक मी खाल्ला," ते म्हणाले. मामीला काही कळेना. त्यांनी सगळं सांगितलं. आणि मग, अशा वेळीही, विचारलंच, "मला काही होणार नाही ना? इतका के गेलाय पोटात."

"तुम्ही गोळी घेत नाही," टाके घालणाऱ्या डॉक्टरने मान वर न करता सांगितलं. "तुम्हाला काय होणार? सशासारखं खा."

टाके पडले, वरून घट्ट दाब दिला. रक्ताची तपासणी आली. बुडबुडा पार दुसऱ्या टोकाला गेला होता. मग नर्सने एक छोटी काचेची कुपी आणली, तिची मान मोडली आणि आतलं थोडंसं चमच्यात काढलं. फिकट पिवळं होतं.

"काय आहे हे?" मामीने विचारलं.

"के जीवनसत्त्व. थोडंसंच द्यायचंय. झडप आहे ना, एकदम फार दिलं तर रक्त गोठेल." नर्स मामांच्या ओठांशी चमचा नेत म्हणाली, "बाळ जन्मलं की आम्ही पहिल्याच दिवशी हेच त्याच्या मांडीत टोचतो. त्यांच्या अंगात के अगदीच कमी असतं. टोचलं नाही तर एखाद्या बाळाला आतल्या आत रक्तस्राव होतो. तुम्ही मोठे, म्हणून पाजतेय."

इतके महिने आधी चुकून घरात भरलेला आणि मग लपूनछपून घराबाहेर काढलेला तो के, असा चमच्यातून परत आला. मामांनी तो गिळला, तोंड वाकडं केलं, आणि मामीकडे बघून क्षीण आवाजात म्हणाले, "रंग लिंबासारखा आहे. चव तशी नाही."

मामी हसली नाही. दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वाटीत पालक घेऊन समोर बसली आणि वाटी रिकामी होईपर्यंत उठली नाही. मामा खाऊन झाल्यावर म्हणाले, "माझी चूक झाली."

"आठ लागतात ना एका फ्रेमला?" ती म्हणाली. "अजून किती उरल्यात ते सांगा."

डॉक्टरबाईंनी काच कायमची बंद केली. मामांनी वाद घातला नाही. हात बरा झाल्यावर ते दुकानात जायचे, पट्ट्या पुसायचे, आणि टेबलावरची घोंगडी नीट अंथरून तिच्याकडे बघत बसायचे. गिऱ्हाइकांना सांगायचे, फ्रेम करून देतो, काच बाहेरून बसवून घ्या. गिऱ्हाईक विचारायचं, बाहेरून कुठून? ते घोंगडीची सुरकुती काढत बसायचे. शाळेचा मोठा फोटो तसाच भिंतीला टेकून उभा होता, नुसता कागद.

एका दुपारी मामी डबा घेऊन आली, पदर खोचला आणि काचेच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. "ती हिरकणी कुठे असते तुमची?"

मामा घाबरले. "अगं, हात कापशील."

"माझं रक्त थांबतं. तुमचं थांबत नाही. द्या इकडे."

त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि टेबलाच्या पलीकडे, काचेपासून लांब बसले. हातात फक्त लाकडी पट्टी. "पेनसारखी धर. सुरीसारखी नको. दाबू नकोस, ऐक. बरोबर चालली की आवाज एकसारखा येतो." चावीवाल्यांनी मशीन बंद केलं. बारीक कर्र आवाज आला, मधेच अडखळला. तिने पुन्हा त्याच रेघेवर हिरकणी ठेवली. "नको! एकदाच ओढायची. दुसऱ्यांदा त्याच रेघेवरून गेलीस की काच रुसते." काच रुसलीच. वेडीवाकडी तुटली.

"लिंबूटिंबू आहेस अजून," मामा म्हणाले.

"आंबट बोलायची परवानगी बाईंनी दिलीय म्हणून काय रोज बोलणार?"

पुढचे कितीतरी दिवस जुन्या, चिरा गेलेल्या काचा कापण्यात गेले. मग एक दिवस आवाज टोकापर्यंत एकसारखा आला. तिने खालून टकटक केलं, कडेवर आणून हात दाबला, आणि काच शहाण्यासारखी दोन झाली. मामांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते उठले, शाळेचा फोटो घेऊन आले आणि तिच्यापुढे ठेवला.

दुकान चाललं. बरीच वर्षं चाललं. मामा माप घ्यायचे, कुठे लावणार विचारायचे, कोपरे जोडायचे, काच मामीची. रोज एक वाटी भाजी, तेवढीच, आणि ती खाताना मामा विचारायचे, "आज के कुठला?" तपासणीत बुडबुडा मधे असायचा, कधी जरा इकडे, कधी जरा तिकडे. नव्या गिऱ्हाइकांना आता एक जादा गोष्ट ऐकावी लागायची, मामीने अक्षर कसं सुधारलं त्याची. मामी कागद चिकटवत म्हणायची, "सांगा, सांगा. पालक कुणी वाटला तेही सांगा." आणि दुकान बंद करताना दारात आता मामा उभे राहायचे. मामीचे हात उजेडाकडे वळवून बघायचे, आधी उपडे, मग उताणे. तिला या सगळ्याची लाज वाटायची. "पुरे आता, लोक बघतात." ते म्हणायचे, "बघू देत. परदेशप्रवास आहे तुझ्या हातात."

मामा गेले ते रक्ताने नाही, झडपेनेही नाही. हिवाळ्यात छातीत कफ भरला, दोनतीन दिवस ताप होता, तो उतरतोय असं वाटत होतं, आणि पहाटे झोपेतच ते थांबले. आदल्या संध्याकाळी ते दुकानात गेले नव्हते. पांघरूण लपेटून स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसले होते. मामी दुकान बंद करून आली, पर्स ठेवली, मोठ्या आरशाचं काम कसं झालं ते सांगायला लागली. त्यांनी अर्धं लिंबू चिरून तिच्या ताटाशी ठेवलं होतं.

"आधी लिंबू पिळ," ते म्हणाले. "मग हात दाखव."